तिसऱ्यांदा मोजायचं राहिलं

रविवारी ऑफिसात जायचं म्हणजे तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण काम तास-दीड तासाचंच होतं. संगणकातल्या नव्या मॉडेलचं शिक्षण आदल्या दिवशी आटोपलं होतं. आता त्याला चाळीस प्रश्न विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे, यादी साहेबांना पाठवायची, की झालं. जेवायला घरी.

बाहेर धुकं असं दाटलं होतं, की चौथ्या मजल्यावरच्या खिडक्यांना कुणीतरी पांढरे कागद चिकटवलेत असं वाटावं. अख्ख्या मजल्यावर ती एकटी होती. बंद खोलीत साचतो तसा गालिच्याचा कोंदट वास येत होता, आणि कोपऱ्यात यंत्रांची एकसुरी घरघर.

तिची कंपनी इस्पितळातल्या पंपांचे प्रोग्रॅम लिहायची. पेशंटच्या शिरेत औषध थेंब थेंब सोडतो ना, तो खाटेशेजारच्या स्टँडवरचा पंप. जुना कोड इतका गुंतागुंतीचा झाला होता, की नवीन माणूस त्यात हात घालायला धजत नसे. म्हणून साहेबांनी ठरवलं, प्रश्नांना उत्तरं लिहून देणारं एक तयार भाषा-मॉडेल घ्यायचं आणि त्याला आपला सोळा वर्षांचा कोड आणि त्यावरचे शेरे शिकवायचे. कुणी अडलं की त्याने मॉडेललाच विचारावं.

आणि शेरे म्हणजे मास्तर. कंपनीतले सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर. दुसऱ्याचा कोड तपासताना ते शाळेतल्यासारखे खाली लिहीत, "इथे थांबा. श्वास घ्या. पुन्हा वाचा." तिला ते घाईबाई म्हणायचे, कारण तिला सगळं कालच संपवायचं असे. आठ महिन्यांपूर्वी फुप्फुसाच्या दुखण्याने ते गेले. शेवटी दहा दिवस इस्पितळात होते. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तिचं भेटायला जाणं राहूनच गेलं.

त्यांचे अकरा हजार शेरे तिनेच निवडले, साफ केले. माणसांची नावं, टोपणनावं, सगळं गाळून टाकलं. ते करताना कितीदा तरी डोळे भरून आले होते.

पहिल्याच उत्तराला ती हसली. "इथे थांबा," मॉडेलने लिहिलं होतं. "श्वास घ्या." हुबेहूब मास्तर. त्यात भुताखेताचं काही नव्हतं, जे खाऊ घातलं तेच ते बोलत होतं. एकामागून एक ती चांगले गुण देत गेली.

तेविसावा प्रश्न साधा होता. वीज जाऊन परत आली की पंप पुन्हा सुरू करणारी एक फाइल होती, तिच्यात एका नोंदीची भर घालायची. ती फाइल पाच वर्षांपूर्वी तिनेच लिहिली होती आणि मास्तरांनी तपासली होती. खाली त्यांचा एका शब्दाचा शेरा होता, "ठीक."

मॉडेलने उत्तर दिलं, "नोंद नंतर. आधी वेगाची ओळ पाहा. वीज परत येते तेव्हा वेग दुप्पट होतो. मी दोनदा पाहिलं."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. मॉडेल कधीकधी धादांत खोटं रचतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने सगळे शेरे धुंडाळले. हे वाक्य कुठेच नव्हतं. शिकवण्याआधीचं कोरं मॉडेल उघडून तिने त्याला तोच प्रश्न विचारला. त्याने गुमान नोंदीचा कोड लिहून दिला.

मग ती पुन्हा शिकवलेल्या मॉडेलकडे आली आणि थोडं वेगळं करून विचारलं, "वेग बरोबर आहे. पडद्यावर आकडा नीट दिसतो."

उत्तर यायला जरा वेळ लागला.

"आकड्याकडे बघू नकोस, घाईबाई. थेंब मोज. दोनदा मोजले... तिसऱ्यांदा मोजायचं राहिलं."

तिचे हात कीबोर्डवरून आपोआप मागे आले. ते नाव तिने स्वतः गाळलं होतं. एकेक करून, सगळीकडून.

तिने साहेबांना फोन लावला.

"अगं, मॉडेल आहे ते, बरळतं कधीकधी," साहेब म्हणाले. "शून्य गुण दे आणि घरी जा. सुट्टीचा दिवस आहे."

"मास्तर असते तर घरी गेले असते का, साहेब?"

"बरं. बघ मग. काही सापडलं तर कळव."

चाचणीची खोली मजल्याच्या टोकाला होती. तिथे स्टँडवर एक पंप असे, वर सलाइनची पिशवी, खाली काचेचं मापाचं भांडं. तिने पंप चालू केला. टप... टप... टप. घड्याळ लावून तिने मिनिटाचे थेंब मोजले. वीस. प्लग काढला, पुन्हा लावला. वीसच. दुप्पटबिप्पट काही नाही. तिला हायसं वाटलं, आणि कुठेतरी वाईटही वाटलं.

निघता निघता तिच्या मनात आलं, वॉर्डात काय नुसती वीज जाते? नर्सची कामं चालूच असतात. पिशवी संपते, बदलावी लागते...

तिने पिशवी काढली. प्लग ओढला. नवी पिशवी लावत असतानाच दुसऱ्या हाताने प्लग परत खोचला.

पडद्यावर आकडा तोच होता. ती नळीकडे बघत पुटपुटू लागली. "एक... दोन... तीन..." थेंब भराभर पडत होते. खोलीत कुठूनसा स्पिरिटचा वास आला, इस्पितळात येतो तसा. "सतरा... अठरा..." अर्धं मिनिटही झालं नव्हतं. विसावर पोचताच ती मोजायची थांबली.

मोजणं चालूच होतं.

एकवीस... बावीस... अगदी हळू, श्वासाच्या आवाजात, तिच्या खांद्याजवळ. दम लागलेला माणूस मोजेल तसं. मध्ये थांबून, पण एकही थेंब न चुकवता. तिने मान वळवली नाही. वळवताच आली नाही. एकोणचाळीस... चाळीस. मिनिट भरलं. मग कुणीतरी सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि खोलीत फक्त पंपाची टपटप उरली.

तिने पंप बंद केला. दार, भिंत, खुर्ची, सगळं रिकामं होतं.

साहेब अर्ध्या तासात आले. त्यांनी स्वतः तीनदा करून पाहिलं आणि तिथेच खुर्चीत बसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या इस्पितळांना कळवलं गेलं. आठवड्याभरात चूक दुरुस्त झाली. आजवर कुणाला काय झालं असेल, याची चौकशी सुरू झाली. ती कुठवर जाईल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी ती मास्तरांच्या घरी गेली. वहिनींनी दार उघडलं, तिला पाहून किंचित हसल्या, पाणी दिलं. पाणी न पिताच तिने विचारलं, "वहिनी, मास्तरांच्या खाटेशेजारी पंप होता ना... कुणाचा होता?"

"तुमचाच की गं. कंपनीचं चिन्ह बघून हसले होते. तोंडात नळी, बोलता येईना, पण डोळ्यांनी हसले."

"तिथे वीज गेली होती कधी?"

"शेवटच्या दिवशी सारखी जात होती. पहिल्यांदा गेली तेव्हा नर्स पिशवी बदलत होती, तेव्हापासून त्यांची नजर पंपाच्या नळीवरच. माझ्या हातावर बोट आपटत राहिले. टक, टक, टक. मला वाटलं, जीव घाबरा झालाय. दुसऱ्यांदा गेली तेव्हाही तसंच. आणि तिसऱ्यांदा..." वहिनींनी पदर तोंडाला लावला. "तिसऱ्यांदा बोट मध्येच थांबलं."

तिने सगळं सांगितलं. वेगाची ती ओळ तिनेच लिहिली होती, हेही सांगितलं. सांगताना तिने वर पाहिलं नाही.

वहिनींनी तिचा हात हातात घेतला.

"डॉक्टर म्हणालेच होते, दोन-चार दिवसांचे सोबती. त्या पंपाने काय केलं, देव जाणे. पण मी आठ महिने त्या बोटाचं दुःख करत बसले होते, बाई. वाटायचं, मला काही सांगत होते आणि मला कळलं नाही. म्हणजे ते तडफडत नव्हते... काम करत होते."

"हो, वहिनी."

"तसेच होते ते," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी रडल्या.

मॉडेल आता सगळे वापरतात. ते कोड चांगला समजावतं, थांबायला सांगतं, श्वास घ्यायला सांगतं. घाईबाई ते पुन्हा कधीच म्हणालं नाही.

परवा चौकशीसाठी तिला शिकवलेल्या मॉडेलची त्या रविवारची प्रश्नोत्तरांची नोंद काढून द्यायची होती. तिने चाळीस प्रश्न विचारायला घेतले होते, तेविसाव्यावर थांबली आणि तोच एकदा फिरवून विचारला. म्हणजे चोवीस. नोंदीत पंचवीस होते.

जास्तीचा प्रश्न सगळ्यांत वर होता, तिच्या पहिल्या प्रश्नाच्याही पाऊण तास आधीचा. तेव्हा मजल्याला कुलूप होतं. विचारणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

प्रश्न होता, "घाईबाई आज येईल ना?"

आणि खाली मॉडेलचं उत्तर, "हो. आत्ताच घरातून निघाली."