बोथट कात्री

पुस्तकांच्या दुकानात नव्या पुस्तकावरच्या सह्या निम्म्या झाल्या असतील नसतील, तोच शेजारच्या मेजावरची कात्री गायब असल्याचं लेखकाच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला.

कात्री साधीसुधी नव्हती. घरदार सोडून बोटीने इकडे आलेल्या आजीने याच कात्रीने लोकांचे कपडे बेतून पोरं वाढवली, असं त्याने नुकतंच पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. आरंभी या कात्रीनेच फीत कापायची म्हणाला, तर फीत पात्यांत नुसती दुमडत राहिली. शेवटी त्याने ती हाताने ओढून काढली. "आजीबरोबर हीही थकली, बोथट झाली," असं तो म्हणाला आणि दुकानभर हशा पिकला. उद्या ती संग्रहालयात काचेआड जायची होती. 'आजीची कात्री' अशी पाटीसुद्धा तयार होती.

श्रोत्यांत खासगी तपासाचं काम करणारी ताई होती, आणि तिचा धाकटा भाऊ. तो निवृत्त शिक्षक, म्हणून ती त्याला मास्तर म्हणे. सगळ्या पाहुण्यांच्या पिशव्या तपासाव्यात, असं मास्तरांनी सुचवलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ताई म्हणाली. "त्या मेजापाशी तिघंच होती."

पहिला फोटोग्राफर. दोन्ही हातांत कॅमेरा, कात्री कशाने उचलू, असं त्याने फणकाऱ्याने विचारलं. मग मुखपृष्ठ पुढे केलं. आजीचा जुना फोटो त्यानेच साफ केला होता, तिच्या उजव्या हातातली सुईसुद्धा दिसत होती.

दुकानाची मालकीण उजव्या हाताने भराभर पावत्या लिहीत होती. पुस्तकं संपत आली म्हणून तिने नवा गठ्ठा मेजापाशी ठेवला आणि सुतळी कापायला सुरी शोधायला आत गेली. परत येते तो गठ्ठा सुटलेला. घाईत तिने काही विचारलं नाही. ताईने कचऱ्यातली सुतळी उचलून तिची टोकं पाहिली. एकही धागा पिंजलेला नव्हता.

तिसरी लेखकाची आत्या. मांडीवर कापडी पिशवी, डाव्या हातात चहाचा कप. डोळे थकलेत, काही पाहिलं नाही, एवढंच ती म्हणाली.

ताईने गर्दी पांगेपर्यंत वाट पाहिली, मग लेखकाला जवळ बोलावलं.

"कात्री बोथट नाही. सुतळी तिनेच कापली, तिथे दुसरं हत्यारच नव्हतं. तुमच्या उजव्या हातात फीत दुमडली, कारण ती डावखुऱ्याची कात्री आहे. पाती उलटी असतात. आजी तर उजव्या हाताने शिवायची. मग कात्री कुणाची?"

मास्तरांची नजर चहाच्या कपाकडे गेली.

आत्याने पिशवीतून कात्री काढली. "चोरली नाही रे. कापड मी बेतायची, शिवायची आई. घरात आईच्या नावाने होती तोवर चाललं. पण काचेआड गेली की ते कायमचंच झालं असतं."

"मग सुतळी कशाला कापलीत?" मास्तरांना राहवेना.

"माणसं ताटकळली होती. गाठ दिसली नि हात थांबला नाही."

लेखकाला फार वाईट वाटलं. पुस्तकासाठी तो दूरदूरच्या नातलगांचे उंबरे झिजवून आला होता. "आत्या, तू कधी बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

त्याने पाटी उलटी करून तिच्यापुढे ठेवली, आणि आपलं सह्यांचं पेन दिलं. आत्याने ते डाव्या हातात धरलं आणि सावकाश, ठसठशीत अक्षरात आपलं नाव लिहिलं.