चाळीस मिनिटं

पटत नसेल तर सोडून द्या. पण ओस्वाल्दो माझ्यासोबत टॉरन्सच्या गोदामात कामाला होता, आणि तो पुतळा त्याला मीच दिला होता. यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. लॉस एंजेलिस. संध्याकाळचे पावणेपाच. त्या दिवशी सुटायला उशीर झाला होता.

ओस्वाल्दोला व्हॅन नाइसच्या घरी पोहोचायला रोज पावणेदोन तास लागायचे. पण बायकोने फोन केला की उत्तर ठरलेलं, "चाळीस मिनिटांत पोहोचतो."

त्याच्या दोन वर्षं आधी बायकोला, मारिसेलाला, दम्याचा झटका आला, तेव्हाही तो हेच म्हणाला. ती बिचारी त्याच्या भरवशावर थांबली. ॲम्ब्युलन्स बोलावलीच नाही. हा पोहोचला तेव्हा ती दारातच मरून पडली होती... पिवळा कोट घालून, निघायच्या तयारीत.

त्यानंतर चार वर्षांच्या लेकीला, नोएमीला, त्यालाच घराजवळच्या पाळणाघरातून घ्यावं लागे. सहाच्या आत. दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला की नाव कमी, आणि पोरगी कायमची फ्रेस्नोला सासूकडे.

गाडीत दोन माणसं असली तरच डावीकडच्या मोकळ्या लेनमध्ये शिरता येतं. म्हणून हा कपड्यांच्या दुकानातला पुतळा. ओस्वाल्दोने तो शेजारच्या सीटवर बसवला आणि त्याला मारिसेलाचा पिवळा कोट चढवला.

"बरंय रे," मी म्हणालो, "ही तरी तुझी वाट बघत मरणार नाही."

तो हसला. मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

डोंगराच्या खिंडीजवळ मागे लाल-निळे दिवे लागले...

पोलिस.

ओस्वाल्दोने गाडी कडेला घेतली. पोलिसाने शेजारच्या खिडकीतून टॉर्च मारला.

"बाईंना पट्टा लावायला सांगा."

"हो... हो साहेब."

"आणि आधी दवाखान्यात न्या त्यांना. केवढी धाप लागलीय!"

पोलिस निघून गेला. ओस्वाल्दोला मान वळवायचा धीर होईना.

खट्...

पट्टा लागला.

मग श्वास ऐकू आला. ओढून ओढून घेतलेला. घरघरणारा. हा आवाज त्याने लग्नानंतर सहा वर्षं ऐकला होता.

खिंड संपली आणि श्वास थांबला.

त्याने बघितलं. पट्टा लागलेलाच होता. आत पुतळा नव्हता. कोटही नव्हता.

पाच बावन्नला तो पाळणाघरात पोहोचला. या वेळी वेळेत.

"अहो, नोएमीला नेलं की!" टीचर ओल्गा म्हणाल्या. त्या आठवड्यापूर्वीच रुजू झाल्या होत्या. "तुमची बायको आली होती आत्ता. पिवळ्या कोटातली. पोरगी 'आई' म्हणत अशी धावत सुटली! केवढी धाप लागली होती हो त्यांना."

वही उघडून बघितली. सही मारिसेलाचीच होती.

वर्ष झालं. पोलिसांनी सगळं शहर पालथं घातलं. नोएमी सापडली नाही.

मारिसेला गेली तेव्हाच तिचा नंबर त्याने बंद केला होता. तरी रोज संध्याकाळी सहाला त्या नंबरवरून मेसेज येतो. मी स्वतः वाचलाय.

'नोएमी माझ्याजवळ आहे. चाळीस मिनिटांत पोहोचते.'

ओस्वाल्दो दारात जाऊन उभा राहतो. काल रात्री नऊला मी म्हणालो, "चल, दोन घास खाऊन घे."

"थांब ना जरा," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "ट्रॅफिक असेल."