मिस्त्रींचा अर्ज

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा आत ती एकटीच होती. हातात फायलींचा गठ्ठा, पायात चावणारी नवी चप्पल आणि नाकाच्या शेंड्यावर राग. बटणं दाबून झाली, दार बडवून झालं, शेवटी तिने फायलींवरच बसकण मारली. वीस मिनिटांनी वरून आवाज आला.

“आत कोण आहे?”

“मी!”

“मी म्हणजे किती जण?”

“एकटीच. पण चिडलेय चौघांएवढी!”

“अरे बापरे… मग जपूनच काढायला हवं.”

लिफ्ट सावकाश खाली आली, दार उघडलं. समोर पस्तिशीच्या आतबाहेरचा, मळक्या निळ्या सदऱ्यातला एक माणूस ओठ मिटून हसू दाबत उभा होता. तिने तरातरा बाहेर येऊन भिंतीवर लावलेल्या कागदाकडे बोट केलं. “वाचा हे! दर महिन्याला तपासणी, असं लिहिलंय ना?”

त्याने कागदाकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “चष्मा घरी राहिला.”

त्याच्या नाकावर चष्म्याचा साधा वणही नव्हता. तिचा राग झटकन उतरला. सहा वर्षं ती प्रौढांच्या शाळेत काम करत होती आणि घरी राहिलेले असे शेकडो चष्मे तिने पाहिले होते. पत्ता लिहून देण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने तो तोंडीच सांगितला. “भाजीबाजारामागची शाळा. तळमजला, दुसरी खोली, संध्याकाळी सहा. तिथे सगळेच चष्मा घरी ठेवून येतात.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढच्या सोमवारी तो आला.

पुढची तीन वर्षं तो शाळेतल्या गुरुजींच्या हाताखाली शिकत होता. वडील गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा. थोरल्या बहिणीचं लग्न, आईचं आजारपण, सगळं अंगावर घेता घेता शाळा सुटली ती सुटलीच. पण लिफ्टच्या यंत्राचा आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते तो सांगायचा. वर्गात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बाहेरून दहावी दिली आणि पास झाला, तेव्हा पेढे वाटताना गुरुजींचेच डोळे भरून आले.

तिचं टेबल शेजारच्या खोलीत होतं. लिहायला-वाचायला येऊ लागलं, परीक्षा झाली, की माणसं तिच्याकडे येत. पुढे काय करायचं… नोकरी की कॉलेज? अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत कसं बसायचं, साहेबाशी बोलताना नजर कुठे ठेवायची, हे ती शिकवायची. काम असं, की ते नीट झालं तर समोरची खुर्ची रिकामी व्हायची. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. मिस्त्री त्या खुर्चीवर येऊन बसेपर्यंत तरी.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती साहेब व्हायची आणि त्याची खोटी मुलाखत घ्यायची.

“तुमच्यातली एक उणीव सांगा.”

“साहेबाला सांगायची, की खरी?”

“साहेबाला.”

“काम हाती घेतलं की जेवायचं भान राहत नाही.”

“छान! आणि… खरी?”

“मंगळवार-शुक्रवारखेरीज बाकीचे दिवस मोजत बसतो.”

तिने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. नंतर पाहिलं, तर नुसत्याच रेघोट्या होत्या. घरी आईने विचारलं, “आज जेवताना एवढं हसू कसलं येतंय गं?” तर म्हणाली, “काही नाही, आमटी छान झालीय.” आमटी खारट होती.

तिचा एक नेम होता. सरावासाठी तिने एका काल्पनिक माणसाचा नमुना अर्ज बनवला होता. घर क्रमांक बारा, विहिरीजवळ, असा मनचा पत्ता आणि खाली तिचा स्वतःचा फोन नंबर, कारण दहा आकडी दुसरा कुठला नंबर तिला चटकन सुचला नव्हता. हा नमुना पाहून आधी वीस-पंचवीस वेळा लिहायचं, हात बसवायचा. खरा अर्ज मात्र प्रत्येकाने एकट्याने भरायचा आणि एकट्यानेच टपालात टाकायचा. त्याला ती हातही लावायची नाही. “उद्या माझ्याशिवाय जगायचंय ना?” असं ती सगळ्यांना म्हणे. मिस्त्रींना म्हणताना मात्र तिची जीभ अडखळली होती.

त्याने दोन अर्ज केले. एक इथल्याच लिफ्ट कंपनीत कायम नोकरीचा. दुसरा लांबच्या शहरातल्या तंत्रशिक्षण कॉलेजचा… दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राहायला वसतिगृह. “मी आजवर यंत्रं दुरुस्त केली,” तो म्हणायचा, “ती तशी का चालतात, ते एकदा कळायला हवं मला.” कंपनीचा होकार आला. कॉलेजचं मात्र काहीच आलं नाही. सोमवारी कंपनीत सही करायची ठरली.

शुक्रवारी दुपारी दोनला तिचा फोन वाजला.

“कॉलेजमधून बोलतोय. तुमच्याकडच्या उमेदवाराला पाठवलेलं पत्र परत आलंय. घर क्रमांक बारा, विहिरीजवळ, असा पत्ता सापडत नाही म्हणे.”

ती खुर्चीत ताठ बसली. पंचवीस वेळा बसवलेल्या हाताने, खऱ्या अर्जाच्या धास्तीत, मिस्त्रींनी नमुना जसाच्या तसा उतरवला होता. नाव तेवढं स्वतःचं, पत्ता त्या काल्पनिक माणसाचा आणि नंबर तिचा.

“उद्या सकाळी दहाला मूळ कागद घेऊन हजर राहा म्हणावं. नाही आले, तर जागा यादीतल्या पुढच्याला जाईल.”

फोन ठेवला. खिडकीबाहेर रिमझिम चालली होती. खोलीत कोणी नव्हतं. ही गोष्ट साऱ्या जगात फक्त तिला ठाऊक होती. ती गप्प बसली, तर तो सोमवारी सही करेल, चार गल्ल्या पलीकडे कामाला जाईल, संध्याकाळी शाळेपाशी भेटेल. चूक त्याचीच होती, कुणी तिला बोल लावणार नव्हतं. नऊ वर्षांत तिने किती जणांना हसतमुखाने निरोप दिला होता… या एकाला ठेवून घेतलं तर काय बिघडलं? घड्याळात तीन वाजले, तरी ती तशीच बसून होती. मग त्याचं ते वाक्य आठवलं, यंत्रं का चालतात ते कळायला हवं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की छत्री न घेताच ती निघाली.

त्याचा फोन लागत नव्हता. तो बाजाराजवळच्या नव्या इमारतीत होता, अगदी वर, आणि लिफ्ट अर्थातच बंद होती. अकरा मजले चढून ती गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत पोहोचली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

“अहो, आधी बसा तरी!”

“सहाची बस… कॉलेज… उद्या दहा वाजता…” तिने धापा टाकत सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग पाना खाली ठेवून कपाळावर हात मारून घेतला.

“म्हणजे पत्ताही तोच लिहिला मी?”

“पत्ताही, नंबरही.”

“पत्र आलं नाही, तेव्हा वाईट वाटायला हवं होतं ना मला?” तो हळूच म्हणाला. “नाही वाटलं. बरं वाटलं. म्हटलं, आता इथेच राहता येईल.”

तिचा श्वास आता जागेवर आला होता.

“फोन दोनला आला होता,” ती म्हणाली. “मी तासभर तशीच बसून राहिले. तुला सांगणारच नव्हते.”

तिने त्याला तू म्हटलं, ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

“का?”

“कारण तू गेला असतास.”

गच्चीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“मग सांगितलंस कशाला?”

“कारण तू जायला हवंस.” तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. म्हणून तर इतके मजले चढून आले. ऊठ आता, कागद गोळा कर.”

“दोन वर्षं आहेत.”

“मोजता येतात मला.”

“येशील भेटायला?”

“महिन्यातून एक रविवार.”

“एकच?”

“दोन. पण परीक्षा असली की एकही नाही.”

तो हसला, उठला आणि तिचा हात धरायला त्याने हात पुढे केला… मग आपल्या तळव्याकडे पाहून मागे घेतला.

“ग्रीस लागेल तुला.”

“लागू दे,” ती म्हणाली, आणि तिनेच त्याचा हात धरला.