युरिया गोठला त्या दुपारी

ही गोष्ट खरी आहे. पटवून देण्यासाठी मी कोणाच्या पाया पडणार नाही. पण बर्फाच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांनी तरी ती शेवटपर्यंत वाचावी.

सहा फेब्रुवारी. मंगळवार. कॅनडातलं उत्तर मॅनिटोबा. वजा एक्केचाळीस.

असलं काही रात्रीच होतं, असं लोकांना वाटतं. तेव्हा रात्र नव्हती. दुपारचे साडेचार वाजायचे होते.

आमचा रस्ता हिवाळ्यापुरता, गोठलेल्या तळ्यांवरून जाणारा. त्यावर दर काही किलोमीटरला रेडिओवर आपली जागा सांगावी लागते. रस्ता एका गाडीपुरता. समोरून कोणी येत असेल तर त्याला कळायला हवं. मी सगळं तसंच सांगते, किलोमीटरने. मला ते तसंच आठवतं.

किलोमीटर २२. उत्तरेकडे. भरलेली.

हा माझा आवाज. मी वर्ना. माझ्या टँकरमध्ये गावाच्या जनरेटरचं डिझेल होतं.

पुढे माझा मामा, हेक्टर फ्लेट. त्याच्या गाडीत पीठ, बटाटे, डायपर.

गावात माझी आई होती. तिचं श्वासाचं यंत्र विजेवर चालतं. गेल्या हिवाळ्यात तळी उशिरा गोठली, रस्ता तीन आठवडे उशिरा उघडला, आणि गावाची टाकी तळाला गेली. धुक्यामुळे विमानही बंद. जनरेटरवाल्याने सांगितलं होतं, उद्या सकाळपर्यंत पुरेल. त्यापुढे नाही.

म्हणून मी गाडी हाकत होते.

"पोरी, तुझ्या नव्या नवरीची तब्येत कशी आहे?" मामा रेडिओवर म्हणाला.

"दिवा लागलाय. युरिया गोठलाय म्हणते."

"मूत पिणारी गाडी घेतलीस, आता भोग. माझी म्हातारी बघ. डिझेल पिते, धूर सोडते, कुरकुर नाही."

नव्या गाड्यांना धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं. निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. वजा अकराला ते गोठतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंजिन तापलं की टाकीही तापते, तास-दीड तासात पाणी सुटतं, दिवा जातो.

फक्त वाट बघायची असते.

किलोमीटर ५८. उत्तरेकडे. भरलेली.

दिवा गेला नव्हता.

मी जमिनीच्या पट्ट्यावर, दोन तळ्यांच्या मध्ये होते. मामा म्हणाला, "गाडी बंद कर. बॅटरीचा मेन स्विच काढ. पाच मिनिटांनी लाव. या कॉम्प्युटरांचं डोकं असंच ठिकाणावर येतं."

"मामा, बंद केल्यावर थांबावं लागतं. पंप पाइपातला युरिया मागे ओढून घेतो."

"किती वेळ?"

"दीड मिनिट."

"मग काय, दीड मिनिट तुझी आई दम धरून बसणार आहे का? काढ स्विच!"

चूक त्याची नाही. त्याच्या गाडीत युरिया नाही, त्याला काय माहीत. मला माहीत होतं.

मी इंजिन बंद केलं. खालून पंपाची घूंऽऽ सुरू झाली...

मी स्विच काढला.

घूं मध्येच तुटली. पाइप अर्धा भरलेला राहिला. वजा एक्केचाळीसमध्ये.

किलोमीटर ७४.

इथे मी फक्त आकडा सांगितला. उत्तरेकडे, भरलेली, हे म्हणायचं सुचलंच नाही. युरिया पोहोचला नाही की कॉम्प्युटर गाडीचा जोर काढून घेतो, तसा घेतला होता. ताशी आठ. पायाखाली पेडल होतं, पण त्याच्या पलीकडे काही नव्हतं.

समोर चढ होता. भरलेला टँकर आठच्या वेगाने तो चढत नाही. निम्म्यावरून मागे घसरतो, आणि मागे तळं होतं.

मी चढाच्या पायथ्याशी थांबले.

"तिथेच थांब," मामा म्हणाला. आता तो चेष्टा करत नव्हता. "मला गाडी वळवता येणार नाही, जागा नाही. पण मी एक्क्याण्णववर, बाजू द्यायच्या जागेत थांबतो. तू आल्याशिवाय हलत नाही. ऐकलंस का, वर्ना?"

"ऐकलं."

"पाइप शेक. बाहेरून. घाबरू नकोस, पोरी."

मी खाली उतरले. ताडपत्री टाकीभोवती गुंडाळली. पाइप हाताला लागला तो लोखंडासारखा. आत बर्फ.

मग मागून दिवे आले.

आमच्याकडे थांबलेल्या गाडीला ओलांडून कोणी जात नाही. वैरी असला तरी थांबतो. त्यामुळे मला हायसं वाटलं, इतकंच. एवढ्या लवकर मागे गाडी कशी, हा प्रश्न नंतरचा.

गाडी थांबली. दार वाजलं.

पण इंजिनाचा आवाज...

नव्हता.

त्या थंडीत प्रत्येक गाडीच्या धुरांड्यातून पांढरा ढग उठतो, घरासारखा उंच. तिच्यातून काहीच उठत नव्हतं. नुसते दोन दिवे.

"गोठलं का?" माणूस म्हणाला.

पन्नाशीचा. लाल-काळ्या चौकड्यांचं जाकीट, चेन उघडी. हातात मोजे नाहीत.

"पाइप," मी म्हणाले. "स्विच लवकर काढला."

"चहा आहे?"

मी थर्मास पुढे केला. त्याने घेतला नाही.

"टाकीत ओतू नकोस हं. गरम काही ओतू नकोस. मी ओतलं होतं."

मग तो माझ्या गाडीखाली सरकला आणि उघडे तळवे पाइपावर ठेवले. त्या थंडीत लोखंडाला हात लावला तर कातडी तिथेच राहते. मी ओरडले, "अहो, मोजे!"

तो हसला. मला त्याचा चेहरा नीट दिसला, कारण मध्ये काही नव्हतं.

माझ्या तोंडातून वाफ निघत होती. इतकी, की पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

त्याच्या तोंडातून...

काही नाही.

पाइपातून टप् आवाज आला. मग गुडगुड. मग पंपाची बारीक घूं... आणि केबिनमधला दिवा आपोआप गेला.

मी आभार मानत होते की रडत होते, आता सांगता येत नाही.

"पुढे कोण आहे?" त्याने विचारलं.

"माझा मामा. एक्क्याण्णववर थांबलाय माझ्यासाठी."

"नाव?"

आणि मी सांगितलं. सांगू नये असं काय होतं त्यात?

"हेक्टर फ्लेट."

तो गाडीखालून बाहेर सरकला. मग म्हणाला, "थांबलाय का? आज थांबलाय."

"हो."

"तुला वाटेत त्याची गाडी दिसेल. तू थांबू नकोस. तुझी आई वाट बघतेय."

आईबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

मी केबिनमध्ये चढले. आरशात बघितलं. दिवे नव्हते. तो मागे गेला नव्हता, कारण मागे सरळ तळं आहे, पाच किलोमीटरपर्यंत सगळं दिसतं. पुढेही गेला नव्हता. माझ्या शेजारून जायला जागाच नव्हती.

खाली उतरून चाकांच्या खुणा बघण्याची हिंमत झाली नाही. तुम्हाला झाली असती?

किलोमीटर ८०. उत्तरेकडे. भरलेली.

"मामा?"

...

किलोमीटर ८३. उत्तरेकडे. भरलेली.

"मामा, सुटली गाडी. येतेय मी."

टक्.

माईकचं बटण दाबलं की होतो तसा आवाज. दाबलं, धरून ठेवलं, सोडलं. मध्ये कोणाचा श्वाससुद्धा नाही.

इथे मला रसेल ओकेमावची गोष्ट आठवली. आमच्या रस्त्यावर ती सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा शहरात होते, त्याला कधी पाहिलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी त्याच्या नव्या गाडीचा युरिया गोठला. घाईत त्याने टाकीत थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. युरिया नासला, गाडी त्याच चढाखाली अडकली. एक गाडी त्याच्या शेजारून पुढे गेली. तेव्हा तिथे रस्ता रुंद होता. ती थांबली नाही, हे चाकांच्या खुणांवरून कळलं. कोणाची, ते कळलं नाही. रसेल चालत निघाला. दोन दिवसांनी सापडला. बसलेला.

किलोमीटर ८८.

टक्.

किलोमीटर ९०.

टक्. टक्.

किलोमीटर ९१.

मामाची गाडी कडेला उभी होती. चारही दिवे लुकलुकत होते. धुरांड्यातून ढग उठत होता, म्हणजे इंजिन चालू.

मी वेग कमी केला. खरंच केला. थांबायचंच होतं.

केबिनमधला दिवा लागलेला होता. मामा चालकाच्या जागी बसला होता, ताठ, समोर बघत.

शेजारच्या जागेवर कोणीतरी होतं. चौकड्यांचं जाकीट.

मामाने मान वळवली. मला बघितलं. हात वर केला.

थांब म्हणत होता...

की जा म्हणत होता...

आजपर्यंत मला कळलेलं नाही. मी त्या हाताचा विचार रोज करते. तळवा माझ्याकडे होता. बोटं पसरलेली. तुम्हीच करून बघा तसा हात आरशासमोर. दोन्ही अर्थ निघतात.

माझ्या पाठीमागे टँकरमध्ये आईचा श्वास होता.

आणि भीती होती. नुसतं आईचं नाव पुढे केलं तर खोटं होईल.

मी थांबले नाही.

किलोमीटर १३६. गाव.

रात्री साडेआठला डिझेल टाकीत उतरलं. वीज गेलीच नाही. एकदा दिवे मंद झाले होते म्हणे, तेवढंच.

मी टाकीजवळच्या पोलिसाला मामाची गाडी वाटेत उभी आहे, एवढंच सांगितलं. तो आणि आणखी एक जण बर्फावरची स्कूटर घेऊन गेले. गाडी एक्क्याण्णववरच होती. इंजिन चालू, हीटर पूर्ण, दारं आतून बंद. काच फोडावी लागली.

मामा नव्हता. त्याचे बूट होते, टोपी होती. बाहेर पावलांचा एकही ठसा नव्हता.

शेजारच्या सीटवर पांढरे खडे पसरले होते. मीठ असेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन मी एक खडा बोटावर घेऊन बघितला. सांडलेला युरिया वाळला की असाच खडा होतो. मामाच्या गाडीत युरियाची टाकी नाही.

पंधरा दिवस शोधलं. कुत्री आणली. कुत्री गाडीपासून हललीच नाहीत.

आईला मी सगळं सांगितलं. चढ, माणूस, हात. यंत्र तिच्या उशाशी फुसफुसत होतं. तिने नाकातली नळी नीट केली.

"तू नाव सांगितलंस त्याला?" ती म्हणाली.

"मला काय माहीत होतं?"

"रसेल अडकला त्या दिवशी हेक्टर दोन तास लवकर घरी आला होता. मी विचारलं, वाटेत कोणी भेटलं का? म्हणाला, कोणी नाही. जेवला नाही. आठ वर्षं मी परत विचारलं नाही."

"का नाही विचारलंस, आई?"

"भाऊ होता माझा." मग ती म्हणाली, "तू थांबायला हवं होतंस, वर्ना."

ती हे पुन्हा कधी म्हणाली नाही. पण मी खोलीत आले की ती आधी दाराकडे बघते, मी एकटीच आले का ते.

गावात मला कोणी दोष देत नाही. "तू पूर्ण गाव वाचवलंस," म्हणतात. दुकानात रांगेत पुढे जागा देतात. मामा केबिनमध्ये होता, त्याने हात वर केला होता, तरी मी गेले, हे फक्त आईला माहीत आहे. आणि आता तुम्हाला.

हे लिहितेय तेव्हा जानेवारी संपत आलाय. बर्फाची जाडी मोजून झाली, परवा रस्ता उघडतोय. टँकरचे दुसरे दोन चालक यंदा येत नाहीत. एकाने पाठीचं कारण दिलं, दुसऱ्याने काहीच दिलं नाही. टाकी पुन्हा तळाला आहे.

म्हणजे मी जाणार.

काल रात्री गॅरेजमध्ये गाडी तपासत होते. रेडिओ चालू करून बघितला, सगळ्या गाड्या अजून उभ्याच, त्यामुळे नुसती खरखर होती. मी बंद करायला हात नेला.

"किलोमीटर ९१," मामाच्या आवाजात कोणीतरी म्हणालं. "थांबलेली."