तीन मिलिमीटर माया

घरात तिला शिशी म्हणायचे. खरं नाव वेगळंच होतं, पण लहानपणी दुधावर साय दिसली की "शी!", कंगव्यात केस दिसला की "शी!", बेसिनमधला ओला साबण हाताला चिकटला की "शी शी!" असं ती ओरडायची, म्हणून ताईनं ठेवलेलं हे नाव बेचाळिसाव्या वर्षापर्यंत काही सुटलं नाही. ताई तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई-वडील लवकर गेले आणि ताईनं बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन टाकून धाकटीला वाढवलं, शिकवलं. शिशीची नोकरी गेली तेव्हाही ताई म्हणाली, "बस घरी. दोन घास मला जड नाहीत." पण बसून खाल्लेलं शिशीला कुठलं पचायला! दुसऱ्याच महिन्यात ती गल्लीच्या टोकाच्या छापखान्यात डिझाइन शिकायला जायला लागली.

छापखान्यात खाली मशिनं आणि वर एक बुटकी खोली, तिच्यात दोन कॉम्प्युटर. जिना चढताना शाईचा, रॉकेलचा आणि कुबट चिंध्यांचा वास यायचा. शाई पुसायच्या चिंध्या कठड्यावरच वाळत घातलेल्या असत, आणि त्यांना हात लागू नये म्हणून शिशी अंग चोरून वर जायची. शिकवणारे मास्तर साठीचे. चष्मा दोरीनं गळ्यात, बोलणं तिरकस, पण काम चोख.

पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे एक पोस्टकार्ड टाकलं. "हे बघा बाई. सहा इंच बाय चार. यात काय अवघड आहे असं वाटतंय ना? सगळ्यांना वाटतं. आता सांगा, कडेपर्यंत रंग हवा असेल तर काय कराल?"

"कडेपर्यंत रंग भरीन."

"आणि तोंडावर पडाल. कटिंग मशीन तुमच्या मेव्हण्याचं आहे का, मनासारखं कापायला? केसभर इकडे, केसभर तिकडे होणारच. मग कडेला पांढरी रेघ दिसते आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. म्हणून चित्र चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त द्यायचं. इंग्रजीत म्हणतात ब्लीड. आमचे जुने लोक म्हणायचे माया. कापायला माया सोडा."

शिशीला हसू आलं. शिवणातही जास्तीच्या कापडाला मायाच म्हणतात, हे तिला पाळण्यापासून माहीत.

दीड महिन्यात ती बरंच शिकली. अक्षरं कडेपासून आत ठेवायची. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर शेवाळासारखा येतो, तेव्हा जपून. फोटो कडेला कमी पडला तर स्टॅम्प नावाचं हत्यार घ्यायचं, आतल्या तुकड्याची नक्कल उचलायची आणि बाहेर उमटवत जायची. "पण एकाच जागेवरून उचलू नका," मास्तर म्हणाले. "नाहीतर एकच ढग तीनदा दिसतो. आणि हो, आभाळ वाढवा, भिंत वाढवा, गवत वाढवा. माणूस वाढवायचा नाही."

"का?"

"चांगलं दिसत नाही," एवढंच बोलून ते चहा प्यायला गेले.

पहिलं खरं काम शिशीनं घरातूनच आणलं. ताई नव्या दुकानात जाणार होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं दुकान, पाटीवर स्वतःचं नाव! सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना नवा पत्ता कळवायला हजार पोस्टकार्डं हवी होती. शिशी म्हणाली, मी करते. ताईसाठी आयुष्यात एकदा तरी काही करायला मिळत होतं तिला, जिवाचं रान करून करणार होती.

फोटो तिनंच काढला. मशीनवर वाकलेली ताई नको, फक्त उजवा हात. सुईखालून निळं कापड पुढे सारणारा. बोटं जाड, नखं कापलेली, करंगळीच्या खाली तळव्याच्या कडेला एक तीळ आणि त्यातून उगवलेला एक वेडावाकडा केस. फोटो असा सुरेख आला की शिशी त्या केसाला शी म्हणायलाही विसरली.

पण लेआउट लावताना घोळ कळला. करंगळीची बाजू फोटोच्या कडेला अगदी चिकटली होती. पुढे काहीच नाही. माया कुठून आणणार? फोटो बारीक केला तर पत्ता हातावर चढत होता. त्या दिवशी मास्तर डोळे तपासायला गेलेले. शिशीनं थोडा वेळ नखं खाल्ली, मग स्टॅम्प घेतला, ताईच्या तळव्याची कड उचलली आणि बाहेर उमटवायला लागली.

वरपासून खालपर्यंत तीन मिलिमीटर कातडी. रोमछिद्रांसकट, सुरकुत्यांसकट. काम इतकं बेमालूम जमलं की ती स्वतःवरच खूश झाली. कापूनच जाणार आहे, कोण बघतंय! संध्याकाळी तिनं एक प्रूफ काढलं, नीट न्याहाळलं, फाइल छपाईला दिली आणि गुणगुणत घरी गेली.

सकाळी ताई चहा घेऊन आली. कप डाव्या हातात होता.

"शिशी, हे बघ गं काय झालंय. इस्त्रीचा चटका लागला की काय कोण जाणे."

उजव्या हाताच्या कडेला, करंगळीपासून मनगटापर्यंत, कातडीची एक पट्टी सुटून उभी राहिली होती. पातळ, फिकट, दमट. फोड नव्हे, कारण तिला सरळ कड होती, पट्टीनं आखल्यासारखी. त्या पट्टीला शाईचा वास येत होता.

"शी!" शिशीच्या तोंडून गेलंच. "दुखतंय?"

"छे. काही कळतच नाही." ताईनं ती पट्टी दोन बोटांत धरून हलवली. ओल्या सायीसारखी ती लपलपली. "किती घाणेरडं आहे ना!"

शिशीनं नाक दाबून जवळून पाहिलं. पट्टीवर एक तीळ होता. त्याच्याखाली अर्ध्या इंचावर दुसरा. त्याखाली तिसरा. तिन्ही अगदी एकसारखे, आणि तिन्हींतून तोच वेडावाकडा केस, त्याच बाजूला वळलेला.

तिला चहा गेला नाही. "डॉक्टरला दाखवू," असं म्हणून ती पायात चपला सरकवून आधी छापखान्याकडेच धावली. खालचं मशीन आठ वाजल्यापासून चालू होतं. तिनं वर जाऊन फाइल उघडली, कड मोठी करून पाहिली. तीन तीळ. काल दिसले नव्हते. घाईत एकाच जागेवरून तीनदा उचललं होतं तिनं.

योगायोग, ती स्वतःला म्हणाली. माणसाला तीळ येतात. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, हे वाढतंय," ताई म्हणाली. आवाजात भीती नव्हती, वैताग होता. "एकाची दोन झाली, मग चार. आता पानं पानं झालीत नुसती. वहीसारखी. एकमेकांना चिकटतात, जिभेला बोट लावून सुटी करावी लागतात."

"जिभेला बोट लावू नकोस! शी, ताई!"

"मग काय करू? कापड अडकतंय ना त्यात!"

खाली मशीन धडाधड शीटा टाकत होतं. शिशीच्या लक्षात आलं की ती मशीनचे ठोके मोजतेय: एक ठोका, एक पान. बेसिनपाशी जाऊन ती ओकली.

मास्तर आले तेव्हा ती जिन्यातच बसली होती. तिनं नुसतं प्रूफ पुढे केलं. मास्तरांनी चष्मा लावला. तीळ मोजायला त्यांना वेळ लागला नाही.

"कोणाचा हात?"

"ताईचा."

"किती छापलं?"

"सगळं झालं असेल आता."

मास्तर कठड्याला टेकले. त्या कुबट चिंध्यांवर त्यांचा हात पडला, त्याचंही त्यांना भान नव्हतं. "सांगितलं होतं ना मी, माणूस वाढवायचा नाही म्हणून."

"तुम्ही म्हणालात चांगलं दिसत नाही!"

"मग काय सांगणार होतो? कोणी ऐकून घेतलं असतं?" ते एकदम म्हातारे दिसायला लागले. "मी एकदा केलं होतं. आईच्या फोटोत, कानाजवळ."

"शीटा जाळून टाकू," ती म्हणाली.

"वेड लागलंय का! तिचा हात जळेल!" ते ओरडलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कापायचं. माया कापण्यासाठीच असते. रेघेवर बरोबर कापली की पट्टी सुटते, हात राहतो. केसभर आत गेलं तर मात्र..."

दोघं खाली उतरले. कटिंगवाला चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस, पण मास्तरांनी त्याला कधी नव्हे ते हात जोडले. "थोड्या थोड्याच घे. जाड थप्पी घेतलीस की खालचे कागद सरकतात. आणि रेघेच्या बाहेर राहा. किंचित पांढरं राहिलं तरी चालेल, पण आत नको."

"एवढं काय मास्तर, पोस्टकार्डच ना?"

"घे म्हटलं ना!"

त्यानं शीटांची थप्पी हलवून सारखी केली. शीटा अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या. कडा एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि त्या सोडवायला त्यानं जिभेला बोट लावलं. शिशीनं तोंड फिरवलं.

पहिली थप्पी पात्याखाली गेली. मास्तर रेघेवर डोळे लावून वाकले. कागद घट्ट धरणारी दाबपट्टी खाली आली आणि कागदांतून चिरडल्यासारखा एक बारीक, ओला आवाज निघाला.

तेव्हा शिशीला सुचलं की ताईला सांगायला हवं. हात टेबलावर सपाट ठेव, हलवू नको, एवढं तरी. तिनं फोन लावला.

"ताई, ऐक. हात अजिबात हलवू नकोस. आता ते सगळं गळून पडेल."

"काय गळून पडेल?" मागे मशीनची टकटक चालू होती. ताई कामाला बसलेली.

"ती पानं! ती कापून टाकतोय आम्ही इथे!"

"अगं, त्यांचं मी केलं केव्हाच," ताई हसली. "दिवसभर काय लोंबकळत ठेवणार ती घाण? परकराची कड दुमडतात ना, तशी आत घेतली सगळी. तळव्यात. वरून बारीक टाके घातले. एक थेंब रक्त नाही, काही दुखलं नाही. आता थोडा जाडसर लागतो हात, पण कापड छान सरकतंय."

"आत घेतलीस?"

"मग? कापतात का कोणी माया? मापाला कमी पडलं तर सोडवून घ्यायला हाताशी असावी."

शिशीनं फोन कानाशी धरूनच हात वर केला. "थांबा!" ती किंचाळली. "थांबवा ते!"

मास्तर वळले.

कटिंगवाल्यानं पात्याची दोन्ही बटणं आधीच दाबली होती.

पातं खाली आलं आणि वर गेलं. कागद दुभंगल्याचा तो एक भरीव, ठाम आवाज.

कटिंगवाल्यानं थप्पी पुढे ओढली. "बघा मास्तर, रेघेवर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही."

खरंच नव्हतं. वरच्या कार्डावर निळं कापड, त्यावर हात, कड सुरीसारखी स्वच्छ. मशीनच्या पायाशी पट्ट्यांचा ढीग पडला होता. नुसता कागद. कोरडा, पांढऱ्या पाठीचा.

"ताई?" शिशी फोनमध्ये म्हणाली.

पलीकडून नुसती मशीनची टकटक येत होती, सावकाश, एका लयीत. पायानं चालवायचं मशीन ते.

"ताई, अगं बोल ना! हात कसा आहे?"

"काही दुखत नाही गं," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, थोडा गोंधळलेला. टकटक जरा वाढली. "पण शिशी, कापड का सरकत नाहीये?"