खलास म्हटलं की थांबायचं

त्या शनिवारी पहाटे अल ऐनच्या वाटेवर असं धुकं पडलं होतं, की उंटांनासुद्धा आपलं तोंड कुठे आहे ते चाचपून बघावं लागत होतं. बसचा ड्रायव्हर तर म्हणे मधेच उतरून दोन्ही हातांनी धुकं बाजूला सारून आला. तोच सांगत होता, आणि सकाळी सकाळी खोटं बोलून त्याला काय मिळणार?

बसमध्ये खिडकीशी सोनम बसली होती. अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत लहानाची मोठी झालेली, मुसफ्फाच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळणारी, आणि काळजी करण्यात अगदी पटाईत. दाराला कुलूप लावलं की परत वर जाऊन ओढून बघायची. ती लिफ्टमध्ये शिरली की लिफ्टच्याच छातीत धडधडायचं. आणि कुत्रं? कुत्रं तिला कॅलेंडरवरचंसुद्धा चालत नव्हतं.

अशा मुलीच्या ऑफिसने पिकनिक ठरवली कुठली, तर 'लॅपलँड डे'. तिकडे वर, उत्तरेला, लॅपलँडमध्ये बर्फावरून कुत्री गाडी ओढतात ना, तशीच गाडी, पण वाळूवर. फिनलंडच्या एका गोऱ्याने तिकडची कुत्री हिवाळ्यापुरती इकडे आणली होती. गाडीखाली रुंद चाकं लावली, वाळवंटात तंबू ठोकले, आणि पहाटेच्या गारव्यात, ऊन चढायच्या आत, लोकांना फिरवायचं. ऊन चढलं की कुत्री तंबूतल्या एसीत आणि लोक पराठे खायला.

बसमधून उतरल्यावर सोनमला पुढचं माणूसही दिसेना. हाताला एक बाक लागला, ती त्यावर बसली. बाकावर कुणीतरी छान मऊ, ऊबदार उशी ठेवली होती. तिने गारठलेला हात त्या उशीवर ठेवला.

"हलू नका," धुक्यातून आवाज आला. "पांढऱ्यावर हात ठेवलाय तुम्ही."

"कुठल्या… पांढऱ्यावर?"

"नाव हाय त्याचं. पायाशी झोपलाय तो तांबडा."

सोनमने हळूच खाली बघितलं. उशीने एक निळा डोळा उघडला, तिच्याकडे बघितलं आणि परत मिटला. सोनम ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि तो तर केव्हाच निघून गेला होता.

"तांबडा-पांढरा," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे… रस्सा?"

धुकं जरा हललं आणि त्यातून एक हसणारा मुलगा बाहेर आला. डोक्याला लोकरीची टोपी, हातात कुत्र्यांचे इवलेसे मोजे. "कोल्हापूरकडचा हाय ना मी. त्यांची खरी नावं जिभेवर बसंनात. आता घरची आठवण आली की नुसती हाक मारायची." मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू जरा मऊ झालं. "हात काढला तरी चालंल. पण त्याला आवडलाय."

हात मात्र तिने लगेच काढला नाही. का, ते तिला विचारू नका.

त्याचं नाव समाधान. नावातच सगळं होतं. आणि सोनमकडे नेमकं तेवढंच नव्हतं.

गाडीत बसवताना त्याने सगळ्यांना नियम सांगितले. "यल्ला म्हटलं की कुत्री सुटतात. खलास म्हटलं की थांबतात. तेव्हा हे दोन शब्द मी सोडून कुणी बोलायचे न्हाईत."

"एक मिनिट," सोनम म्हणाली. "यल्ला? इथे? इथे 'चला' म्हणायचं तर माणसं झोपेतसुद्धा यल्ला म्हणतात. तुम्हाला दुसरा शब्दच मिळाला नाही?"

समाधानने टोपी वर करून डोकं खाजवलं. "मला इथं येऊन हे दोनच शब्द आले होते, तेच शिकवले. चूक कळली तोवर कुत्री शिकून बसली होती."

मागच्या रांगेतून मैमुनाबी ओरडली. मैमुनाबी म्हणजे ऑफिसातली सगळ्यात जुनी बाई, हैदराबादची, पिकनिकचा बेत तिचाच. "सोनम, बैठ जाओ ना मां, कुत्ते हिसाब नहीं पूछते."

सोनम बसली. मांडीवर कांबळं, दोन्ही हातांनी गाडीचा दांडा घट्ट धरलेला. मागच्या पायरीवर समाधान उभा राहायचा होता. पण त्याआधी तांबड्याचा मोजा निसटला म्हणून तो पुढे जाऊन वाकला. गाडीची दोरी त्याने आधीच सोडली होती.

"तिकडं लॅपलँडात," मोजा घालता घालता तो सांगत होता, "एवढी थंडी, एवढी थंडी, की माणूस बोलला की शब्द गोठून खाली पडतो. मग घरी नेऊन तव्यावर गरम करायचा, तेव्हा ऐकू येतो."

"तुम्ही गेलायत तिकडे?"

"अजून न्हाई."

"मग कुणी सांगितलं?"

"यांनी," तो कुत्र्यांकडे बोट दाखवत म्हणाला. "ही काय खोटं बोलतील?"

सोनमला हसू फुटलं. सकाळपासूनचं पहिलं. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. बाबा. वासुदेवरावांना लेकीसारखीच काळजीची खोड. किंबहुना तिच्यात ती तिथूनच आलेली.

"पोचलीस का? थंडी आहे का? कुत्री बांधलेली आहेत ना?"

"हो बाबा… हो, बांधलेली आहेत… स्वेटर घातलाय… हो, दुपारपर्यंत येते. चला, ठेवते. यल्ला, बाय."

तोंडातून शब्द सुटला आणि गाडी सुटली.

समाधान टुणकन बाजूला उडी मारून वाचला. सहा कुत्री धुक्यात घुसली. टेकाड चढली, टेकाड उतरली. सोनम एका हातात फोन आणि एका हातात दांडा धरून जिवाच्या आकांताने ओरडत होती: "थांबा… स्टॉप… बस… रुको… अरे बाबांनो…" मराठी झालं, इंग्लिश झालं, हिंदी झालं. म्हणतात की त्या दिवशी त्या गाडीच्या वाऱ्याने अर्ध्या वाळवंटाचं धुकं ओमानला जाऊन पडलं. एवढंच खरं, की मागे वळून बघितलं तर तंबू नाहीत, माणसं नाहीत, समाधान नाही. नुसतं पांढरं. आपण हरवलो, हे तिला पक्कं कळलं. आयुष्यभर ज्याची भीती बाळगली ते सगळं एकदम आज आलं होतं, मोजे घालून.

तिने डोळे मिटले आणि कुणाला सांगायचं म्हणून नाही, आपलंच आपल्याला पुटपुटली, "गेले मी. खलास."

गाडी थांबली. सहाच्या सहा कुत्री वाळूत बसली, जणू शाळेत हजेरी चालू आहे.

मग पांढरा मागे वळला, पट्टा ताणून तिच्यापाशी आला आणि त्याने हनुवटी तिच्या गुडघ्यावर ठेवली. तिने हात त्याच्या कानामागे नेला. बराच वेळ गेला… की थोडाच गेला… आणि धुक्यातून धापा टाकत समाधान आला. एक बूट पायात, एक बूट कुठेतरी मागच्या टेकाडाला अर्पण.

"लागलं का?"

तिने मान हलवली.

"घाबरलात?"

"नाही… म्हणजे हो. तुम्ही?"

तो वाळूत तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. चेहरा पांढराफटक. "मी? मी पळत येताना सगळ्या देवांना नवस बोलून आलो. आता सुट्टी काढून फेडायलाच जावं लागंल."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आधी कोण हसलं ते पांढऱ्यालाच माहीत.

पुढल्या शनिवारी सोनम परत गेली. कारण? तिचा रुमाल राहिला होता. त्याच्या पुढल्या शनिवारी मैमुनाबीचा रुमाल राहिला. मैमुनाबी रुमाल वापरत नाही, पण तेवढं कोण बघतंय. वासुदेवरावांनी विचारलं, "हा मुलगा करतो काय?" सोनम म्हणाली, "कुत्री पळवतो." ते दोन दिवस कुलूप ओढून बघायचंही विसरले.

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ती कुत्र्यांना मोजे घालायला शिकली. तो तिला लॅपलँडच्या गोष्टी सांगायचा, दर खेपेला जास्तच बनवून. तिकडे चंद्राला थंडी वाजते, तो रात्री चुलीपाशी येऊन बसतो. तिकडे सांबारासारखी शिंगवाली हरणं गाडी ओढतात, आणि शिंगावर कपडे वाळत घालता येतात.

"वाळतात?" ती विचारायची.

"वाळत न्हाईत. पण हरीण ऐटीत दिसतं."

आणि एवढं सगळं बोलून, जे बोलायचं ते मात्र दोघंही बोलत नव्हते. सोनम रात्री फोनवर लिहायची, पुसायची. लिहायची, पुसायची. तिला वाटायचं, एकदा शब्द तोंडातून सुटला की गाडी सुटते. मग थांबवणार कोण?

फेब्रुवारी सरला. पहाटेचा गारवा पातळ झाला, धुकं पडेनासं झालं. कुत्र्यांना उन्हाळा सोसत नाही. ती परत लॅपलँडला जायची होती, आणि त्यांच्याबरोबर समाधान. शेवटच्या शनिवारी सोनम आली तेव्हा तंबू उतरले होते. पिंजरे ट्रकमध्ये चढवले होते आणि ट्रकवाला लियाकत आरशात बघून भांग पाडत होता.

समाधान तिला जरा बाजूला घेऊन गेला. हातातली टोपी पिळत होता.

"मालक विचारतोय. तिकडंच कायमचा राहतोस, की हिवाळ्यात परत येतोस? इकडं यायचं असंल तर दुसऱ्या कुणाला तिकडं ठेवायला लागंल त्याला. आज विमानतळावर सांगायचंय." तो थांबला. "मी काय सांगू?"

 उत्तर तर सोनमला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून, त्या निळ्या डोळ्यापासून ठाऊक होतं. पण त्याला तिकडे चांगलं जमलं तर? आपल्यासाठी परत आला आणि मग पस्तावला तर? बाबा काय म्हणतील? आणि आपणच चुकत असलो तर? हे सगळे तर… तर… एकदम घशात आले, आणि तिच्या तोंडून इथं जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तेच निघालं.

"बघू… इन्शाल्ला."

समाधानच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. इथे घरमालकाला नळ दुरुस्त कधी करता विचारलं की तो काय म्हणतो? इन्शाल्ला. साहेबाला सुट्टी मागितली की? इन्शाल्ला. या देशात येऊन समाधान एवढं तरी शिकला होता. देवाचं नाव घेऊन किती गोड नाही म्हणता येतं ते.

"बरं," तो म्हणाला. टोपी घातली, परत काढली. "येतो मग."

तो ट्रककडे चालायला लागला. सोनम बघत राहिली.  तो चढला. दार लागलं. मागच्या पिंजऱ्यातून पांढरा तिच्याकडे बघत होता. लियाकतने आरसा सारखा केला आणि म्हणाला, "यल्ला."

ट्रक हलला. कुत्री आनंदाने भुंकली. त्यांना वाटलं, आपणच ओढतोय.

आणि सोनमला दिसलं, की आता जर आपण गप्प राहिलो तर गाडी सुटलेलीच आहे. ती ज्याला भीत होती ते तर झालंच होतं. न बोलून झालं होतं.

"खलास."

आवाज काही मोठा नव्हता. पण पिंजऱ्यातली सहाच्या सहा कुत्री धपकन बसली. सगळा हिवाळा त्यांच्याबरोबर काढलेल्या लियाकतचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. इतकंच काय, तिकडे अल ऐन रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा जागच्या जागी थांबल्या, आणि लोकांना आजवर कळलं नाही की तो ट्रॅफिक जाम कशाचा होता.

समाधान खाली उतरला. सावकाश चालत तिच्यापर्यंत आला.

"कुत्र्यांना म्हणालीस… की मला?"

"कुणालाच नाही." तिची नजर त्याच्या बुटांवर. "माझं सांगतेय मी. मी… खलास झालेय. तुझ्यावर. कधीचीच."

तो एवढ्या गप्पा मारणारा माणूस, पण शब्द गोठून खाली पडला असावा. त्याने तिचा हात हातात घेतला, तळव्यावर फुंकर घातली, जसा काही तिथेच तो शब्द गरम करायचा होता.

"मग इन्शाल्ला का म्हणालीस?"

"घाबरले."

"अजून घाबरलीयस?"

"खूप," ती म्हणाली, आणि तिने पहिल्यांदा वर बघितलं. "पण आता घाबरून थांबणार नाही. मालकाला सांग, हिवाळ्यात परत येतोस. आणि येण्याआधी बाबांना फोन कर. कुत्री पळवतो असं सांगू नकोस, काहीतरी नीट सांग."

"लॅपलँडचा अनुभव हाय म्हणून सांगतो. आता खोटंबी न्हाई." तो हसला, आणि डोळे मात्र ओले. "कधी येऊ?"

"पहिलं धुकं पडलं की."

"आणि न्हाई पडलं तर?"

"ते माझ्यावर सोड."

लियाकतने हॉर्न वाजवला. समाधान दोन पावलं मागे गेला, पण वळेना. तिचा हात सुटेना. ट्रकमध्ये कुत्री अजून तशीच बसलेली, हुकमाची वाट बघत. समाधान म्हणाला, "आता मला न्हाई जमायचं. तूच सांग त्यांना."

सोनमने हात सोडवला. मोठा श्वास घेतला. ज्या शब्दाची तिने सगळा हिवाळा धास्ती घेतली होती, तोच शब्द तिने अगदी सावकाश, नीट, गोड करून म्हटला.

"यल्ला."

त्या वर्षी धुकं फार लवकर पडलं. हवामानवाले म्हणाले, समुद्राकडून आलं. मोहम्मद बिन झायद सिटीतले शेजारी मात्र सांगतात, की वासुदेवरावांची लेक रोज पहाटे गॅलरीत बसून ते हाताने ओढत होती.