झेंड्यापलीकडे थांबलेला

वरणगावचा अभिमन अंटार्क्टिकावर आपल्या देशाच्या तळावर जनरेटर सांभाळायचा. कोरोनाचं ते दुसरं वर्ष. त्या बर्फात रोग शिरू नये म्हणून तिथल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलं होतं, कुणी कुणाच्या तळावर जायचं नाही. काही लागलंच तर दोन तळांच्या मध्ये रोवलेल्या लाल झेंड्यापाशी ठेवायचं आणि मागे फिरायचं.

एप्रिलातल्या एका सकाळी, शेजारच्या रशियनांनी ठेवलेला जनरेटरचा पट्टा आणायला अभिमन एकटाच निघाला. दोन रात्री त्याला झोप नव्हती. वारा पडला होता. सगळीकडे चिडीचूप.

झेंड्यापलीकडे थोरला भाऊ योगेंद्र उभा होता. पिंप्राळ्याला राहणारा योगेंद्र! अंगात पातळ सदरा, पायांत रबरी चपला.

"मले येऊ दे नं, भो... दम लागून राह्यला."

अभिमनच्या पाठीशी पंचवीस माणसं होती आणि दवाखाना हजारो मैल लांब. तोंडून निघून गेलं, "तठीच थांब, दादा... पुढे येऊ नको."

योगेंद्र मुकाट्यानं थांबला. पट्टा उचलून अभिमन परतला. जागरणानं भास होतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

दुपारी रेडिओवर रशियन विचारत होता, "तुमचा माणूस सकाळपासून झेंड्यापाशी का उभा आहे? अंगात कोटही नाही."

संध्याकाळी घरून निरोप आला. योगेंद्र त्याच सकाळी जळगावच्या दवाखान्यात कोरोनानं वारला होता.

पुढे साथ सरली. अभिमन घरी आला, पण थकवा काही गेला नाही. एका दुपारी तो पिंप्राळ्याला कामिनीवहिनीकडे चहा घेत बसला असताना दोंडाईच्याच्या हितेंद्रचा सॅटेलाइट फोनवरून फोन आला. तळावर आता अभिमनच्या जागी तो होता.

"भाऊ, बंदी उठली म्हणून आज झेंडा काढायला आलोय. इथं एक माणूस उभा आहे... तुमचं नाव घेतोय. विचारतोय, आता येऊ का?"

आवाज वहिनीपर्यंत गेला. त्यांना नवऱ्याचं तोंडसुद्धा पाहू दिलं नव्हतं कुणी.

"हो म्हणा, भाऊजी..." त्या हळूच म्हणाल्या.

अभिमननं डोळे मिटले. "ये म्हणावं."

पलीकडे हितेंद्रनं "या" अशी हाक दिलेली ऐकू आली. मग हितेंद्र कुजबुजला.

"निघाले ते... पण भाऊ, त्यांच्यामागे केवढी माणसं उभी आहेत, कुणाच्याच अंगात कोट नाही... सगळीच चालायला लागलीत."